वाचनालयाची कच्ची वही

आमच्या गावच्या वाचनालयात संगणक येऊन बरीच वर्षे झाली होती. त्यावर वार्षिक सभेच्या नोटिसा आणि अहवाल टाइप व्हायचे; पुस्तकांची देवघेव मात्र रजिस्टरातच चालायची. कोकणातले तालुक्याचे गाव, शासनमान्य वाचनालय, कर्मचारी मोजके. मी पुण्यातली नोकरी घरून करायला लागले, तेव्हा कार्यवाहांनी विचारले, "तू सॉफ्टवेअरमधली ना? मग आम्हाला देवघेवीचं काहीतरी करून दे की." माझी नोकरी मोठमोठ्या कंपन्यांच्या हिशेबांची. ज्यांच्यासाठी काम करते, त्या माणसांचे तोंडही मला दिसत नाही. इथे सगळेच ओळखीचे होते. मी हो म्हटले.

तयार सॉफ्टवेअर नव्हते असे नाही. कोहा हे जगभर वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयांसाठी १९९९ मध्ये लिहिले गेले. त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालेल याची खात्री नव्हती, म्हणून नवी करावी लागली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेचे ई-ग्रंथालय आहे. दोन्ही चांगली आहेत. पण ती नीट चालवायला प्रशिक्षित माणूस लागतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते आणि इंटरनेट तर कधीही जाते. म्हणून मी अगदी छोटे काहीतरी लिहायचे ठरवले: एकाच संगणकावर चालणारे, सगळी माहिती एका एसक्यूलाइट फाईलमध्ये ठेवणारे, आणि रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर उतरवता येणारे.

पहिला डोंगर जुन्या यादीचा होता. काही वर्षांपूर्वी कोणीतरी हजारो पुस्तकांची यादी डीटीपीच्या फाँटमध्ये टाइप करून ठेवली होती. तो फाँट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसायचा. अशा जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे नेमके उलटे. त्यामुळे रूपांतर करताना प्रत्येक 'कि' आणि 'र्य' उचलून योग्य जागी बसवावा लागला. उरलेली गडबड ग्रंथपालबाईंनी डोळ्यांनी तपासली. गावात सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणतात, मीही तेच म्हणते.

यादी लागली आणि बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगं, हे क्षीरसागर 'क'मध्ये कुठे घुसले?" संगणकाला क्ष हा क आणि ष यांचा जोड म्हणूनच माहीत. शिवाय युनिकोडच्या देवनागरी गटात ळ हा ल नंतर आणि व च्या आधी बसतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे नुसत्या संकेतांकांवर लावलेल्या यादीत काळे आधी आणि काशीकर नंतर, तर बाईंच्या रजिस्टरात काशीकर आधी. 'ॲ'ची गंमत आणखी वेगळी. ते एकाच संकेतांकाने लिहिता येते, किंवा अ वर चंद्र देऊन दोन संकेतांकांनी. दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधले तर दुसरे सापडत नाही. मराठी वर्णक्रमाचे नियम सीएलडीआर या आंतरराष्ट्रीय भाषासाठ्यात नोंदवलेले आहेत. ते लावले आणि 'ॲ'ची दोन्ही रूपे एक मानली, तेव्हा बाईंची यादी बाईंच्या क्रमाने लागली.

आता लोकांना विचारायची वेळ आली. मी टेबलावर एक वही ठेवली, वर लिहिले, 'नवीन व्यवस्थेबद्दल आपले मत'. वहीत 'उपक्रम स्तुत्य', 'छान', 'अभिनंदन' असे शेरे आले आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांनी माझ्या सूचनाफलकातले शुद्धलेखन दुरुस्त करून दिले. बाईंना विचारले की त्याही म्हणायच्या, "चाललंय की छान." गावातल्या मुलीने फुकट करून दिलेल्या कामाला तोंडावर नावे कोण ठेवणार? अशा आपुलकीतून आलेल्या मताने मन भरते, कामाला मात्र ते उपयोगी पडत नाही.

म्हणून मी विचारणे बंद केले आणि देवघेवीच्या वेळी संध्याकाळी टेबलाशेजारी स्टूल टाकून बसायला लागले. तिथे मला दिसली ती बाईंची कच्ची वही. देवघेव संगणकावर आली तरी ती वही बंद झाली नव्हती. संगणकावर नोंद करून झाली की बाई हळूच खण उघडून तिच्यात काहीतरी लिहायच्या. मी वही मागितली, तेव्हा जरा संकोचल्या. "हे आपलं माझं माझ्यापुरतं," म्हणाल्या.

त्यांच्यापुरते जे होते, तेच माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हते. कोणी कुठले पुस्तक 'आलं की मला ठेवा' म्हणून सांगून ठेवले आहे, ते त्यात होते. कुठली पुस्तके बाइंडिंगला गेली आहेत, ते होते. कुठल्या आजींसाठी नात पुस्तक नेते आणि त्या आजींना बारीक टायपाची पुस्तके चालत नाहीत, तेही होते. काही नावांपुढे 'दंड नको' असे लिहिले होते, कारण त्या घरात कोणी आजारी होते. माझ्या प्रोग्रॅममध्ये दंड आपोआप मोजला जायचा. बाई तो खिशातून भरत नव्हत्या ना, असे विचारल्यावर त्यांनी विषय बदलला. पुढच्या आठवड्यात दंडाच्या चौकटीशेजारी 'माफ' असे बटण आले, सांगून ठेवलेल्या पुस्तकांची यादी आली, आणि सभासदाच्या नोंदीत मोकळा शेरा लिहायला जागा आली. ही जागा फक्त बाईंना दिसते.

दुसरी गोष्ट न सापडलेल्या शोधांतून कळली. वाचकांसाठी एक पडदा वेगळा ठेवला होता. त्यावर ज्या शोधाला शून्य उत्तर येई, तो शब्द साठवायचा, शोधणाऱ्याचे नाव साठवायचे नाही, असे मी केले. महिनाअखेरीला ती यादी वाचणे हा माझा आवडता उद्योग झाला. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर शिकलेली पिढी 'ययाती' शोधते. 'स्मृतिचित्रे' शोधताना बहुतेक जण 'स्मृतीचित्रे' लिहितात, 'श्यामची आई' पुष्कळांच्या लेखी 'शामची आई', आणि 'पानिपत'ची वेलांटी ज्याच्या त्याच्या मर्जीवर. लेखकांचे तर विचारूच नका. पुलं, वपु, गोनीदा, गदिमा या नावांनी शोधणाऱ्याला देशपांडे, काळे, दांडेकर, माडगूळकर सापडले पाहिजेत. कुसुमाग्रज लिहिले की शिरवाडकरही यायला हवेत. मी ऱ्हस्व-दीर्घाचा भेद शोधापुरता मिटवला, आणि टोपणनावांचा तक्ता बाईंनी बसल्या बसल्या सांगितला. पुस्तकाचे नाव छापताना मात्र मुखपृष्ठावर आहे तसेच छापायचे, हा त्यांचा आग्रह होता, आणि तो बरोबर होता.

खरी कसोटी दिवाळी अंकांची. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा मोजली जाते, आणि आमच्यासारख्या वाचनालयांचे निम्मे चैतन्य त्यावर आहे. वेगळी वर्गणी भरली की त्या वर्षीचे सगळे अंक आळीपाळीने वाचायला मिळतात. इथे वाचकाचा प्रश्न 'अमुक अंक आहे का' असा नसतोच. तो टेबलाशी येऊन म्हणतो, "मी न वाचलेला कुठला आहे आत्ता?" कागदी पद्धतीत प्रत्येकाचे कार्ड असायचे, त्यावर अंकांची नावे आणि बरोबरच्या खुणा. मी हेच पडद्यावर आणले: सभासद क्रमांक टाकला की त्याने न वाचलेले आणि आत्ता कपाटात असलेले अंक, एवढीच यादी. त्या दिवाळीत टेबलापुढची रांग पटकन सरकायला लागली.

त्यातूनच एक सूचना आली. एका काकांनी सांगितले, "'मौज' कोणाकडे आहे तेही दाखव ना, मी त्यांच्या घरून आणतो." ऐकायला सोयीचे वाटले. पण शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी लगेच मान हलवली. आपण काय वाचतो ते गावाला का कळावे, असे त्यांचे म्हणणे. ग्रंथपालबाई काही न बोलता त्यांच्याच बाजूने होत्या. नाव दाखवले नाही. दहा जणांनी मागितलेली सोयही कधीकधी एकाच्या हरकतीवर थांबवावी लागते. ती हरकत कशावर आहे, ते पाहायचे असते.

कार्यकारी मंडळाच्या सूचना मात्र व्यवस्थित, टाइप केलेल्या, सह्यांसकट यायच्या. त्यांना तक्ते हवे होते, आणि त्यांचेही खरेच होते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत अनुदान अ, ब, क, ड या वर्गांनुसार मिळते. वर्ग टिकवायचा तर सभासद, ग्रंथसंख्या, देवघेव यांचे आकडे चोख लागतात. ते तक्ते मी करून दिले. पण त्यासाठी देवघेवीच्या वेळी चार रकाने जास्त भरायचे, असा प्रस्ताव आला तेव्हा मी कार्यवाहांना संध्याकाळी अर्धा तास टेबलावर बसवले. त्यांनी स्वतःच ते रकाने काढून टाकले. लेखी सूचना मोठ्या आवाजात येते, टेबलामागच्या माणसाची अडचण पुटपुटण्यात येते. ज्याला हत्यार रोज हातात धरायचे आहे त्याचे पुटपुटणे आधी ऐकायचे, हा नियम तेव्हापासून मी माझ्या पगाराच्या कामातही पाळते.

ज्यांना संगणकाचे काम येते, त्यांना माझे सांगणे आहे. आपल्या गावच्या, पेठेच्या वाचनालयासाठी, बचत गटासाठी, भजनी मंडळासाठी छोटेसे काहीतरी जरूर करा. एक ओळ लिहिण्याआधी तिथली कच्ची वही पाहायला मागा, आणि काम सुरू झाल्यावरही ती चालू आहे का ते बघत राहा. शेवटी, सगळी माहिती साध्या तक्त्यात बाहेर काढता येईल अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. तुम्ही उद्या गाव बदलाल, नोकरी बदलाल. वाचनालय तिथेच राहणार आहे, आणि त्याची यादी त्याच्याच हातात राहिली पाहिजे.