ओआमाची वाट

कुमामोतो शहराच्या पश्चिमेला किम्पो डोंगराच्या अंगाने चढत गेलेली वाट खिंडी ओलांडून ओआमा गावी उतरते. उतारावर मिकान संत्र्यांच्या बागा, खाली आरिआके समुद्र, पलीकडे उन्झेन पर्वत. कुमामोतोत इंग्रजी शिकवणारे नात्सुमे सोसेकी १८९७ च्या अखेरीस इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर आले आणि १९०६ मध्ये त्यांनी ‘कुसामाकुरा’ लिहिली. कादंबरीत ओआमाचे नाकोई झाले. माणसांच्या रागलोभात न गुंतता सगळे जग चित्रासारखे पाहायचे, असे ठरवून एक चित्रकार तिथे एकटाच येतो. म्हणून ही जगापासून दूर जाण्याची कादंबरी मानली जाते. पण सोसेकींनी या अलिप्ततेची कसोटी घेतली आहे, आणि त्यासाठी गावही नेमके निवडले आहे.

सोसेकी उतरले ते घर माएदा काकाशी यांचे. त्यातले स्नानगृह अजून उभे आहे. काकाशी जनतेच्या हक्कांच्या चळवळीतले पुढारी. १८९० च्या पहिल्या निवडणुकीत ते संसदेवर गेले. त्यांची एक मुलगी चिनी क्रांतीचे नेते सुन यत्-सेन यांचे मित्र मियाझाकी तोतेन यांना दिलेली. दुसरी, त्सुना, कादंबरीची नायिका नामी हिचे मूळ मानली जाते. पुढे तोक्योत तिने चिनी क्रांतिकारकांना साथ दिली. खऱ्या माणसांच्या चरित्रावरून कादंबरी वाचू नये, हा आक्षेप रास्त आहे. त्सुनाचे पुढचे आयुष्य नामीवर लादण्याचे कारणही नाही, कारण अलिप्ततेच्या कसोटीचा पुरावा कादंबरीतच आहे.

वाट जिथून सुटते त्या कुमामोतोत सैन्याच्या सहाव्या डिव्हिजनचे ठाणे होते, आणि कादंबरीतल्या वसंतातही रशियाशी युद्ध चालू आहे. नामीचा चुलतभाऊ क्युइची मांचुरियाला निघतो. सोसेकींनी स्वतः म्हटले होते की, वाचकाच्या मनात सौंदर्याचा ठसा उरला की पुरे. तो उरतोच, धुके, पाऊस आणि पाण्याची वाफ यांची इतकी तरल वर्णने क्वचितच वाचायला मिळतात. पण तेवढेच हवे होते तर शेवट स्टेशनावर कशाला? पेटी घेऊन हिंडणारा हा चित्रकार कादंबरीभर एकही चित्र पुरे करत नाही. नामीचा चेहरा त्याला अपुरा वाटतो, कारण त्यावर कणव नाही. क्युइचीला नेणाऱ्या गाडीच्या खिडकीत तिला अचानक आपला पूर्वीचा नवरा दिसतो, तोही मांचुरियाला निघालेला; आणि ती कणव तिच्या चेहऱ्यावर उमटते. चित्रकाराच्या मनातले चित्र पुरे होते ते त्या क्षणी, डोंगरातल्या एकांतात नव्हे.