आरशातील साक्ष
आत्मचरित्रे शिकवताना मला एक ‘टिनटाइप’ हटकून आठवते. न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनर येथे १८८०च्या सुमारास एका फिरत्या छायाचित्रकाराने बिली द किड या कुप्रसिद्ध बंदूकबाजाचे ते घेतले. नावात टिन असले तरी तो काळा लेप दिलेला लोखंडी पत्रा. निगेटिव्ह नसल्याने प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी. पिस्तूल डाव्या कमरेला दिसले आणि बिली डावखुरा ठरला. १९५८च्या ‘द लेफ्ट हँडेड गन’ या चित्रपटाचे नावही त्याच समजुतीतले. खुद्द बिलीला मात्र तीत उलटे काहीच दिसले नसणार. आरशात माणूस स्वतःला असाच पाहतो. आत्मचरित्राचा ‘प्रामाणिकपणा’ येथवरच पोचतो. आपली समीक्षा त्यालाच पुरावा मानून थांबते, हे मला पटत नाही. येथे उलगडा झाला तो चेहऱ्यावरून नव्हे, त्याच्या विंचेस्टर बंदुकीवरून: काडतुसे भरण्याची तिची झडप उजव्या अंगास असते, पत्र्यावर ती डावीकडे आहे.