'बरोबर' म्हणजे काय?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने गणितावर लेख लिहावा, हा तसा आगाऊपणाच! दहावीनंतर आपण बहुतेकांनी गणिताला दुरूनच नमस्कार केलेला. पण गेले वर्षभर महाविद्यालयामागच्या वस्तीत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायला मी जाते. तिथे जे उमगले ते गणिताइतकेच भाषेचेही आहे, म्हणून हे धाडस.

आमच्या वर्गात सात वर्षांची एक मुलगी येते. तिची आई रस्त्याच्या कडेला भाजी विकते. पंधरा रुपयांच्या जुडीसाठी कुणी विसाची नोट दिली, की ही पोर पाच रुपये चटकन परत देते. पण तोच हिशेब २० − १५ असा वहीत आला, की पेन्सिल चघळत बसते. शाळेच्या वहीत लाल फुल्याच फुल्या. "हिच्या डोक्यात गणित शिरायचं नाही, ताई. चौथी झाली की बसंल माझ्याबरोबर भाजीला," तिची आई सहज बोलून गेली. हिशेबात चोख असलेल्या मुलीचे भवितव्य चार खुणांवर ठरावे?

मग आम्ही वही मिटली आणि चिंचोके काढले. आधी गोष्ट सांगायची: "तीन होते, आणखी दोन आले." मग ती हाताने मांडायची. त्यानंतर सांगितलेल्या शब्दांना एकेक खूण द्यायची. 'आणखी आले' याला अधिक, 'निघून गेले' याला वजा. आठवडाभरात तिने आपल्या हाताने लिहिले: ३ + २ = ५.

एके दिवशी मी फळ्यावर ५ = ३ + २ असे लिहिले. "ताई, उलटं लिहिलंत!" सारा वर्ग ओरडला. मग ३ + २ = □ + १ असे लिहिले, तर चौकटीत सगळ्यांनी ५ भरले. हा निष्काळजीपणा नव्हता. त्यांच्या लेखी = या खुणेचा अर्थ एकच, 'आता उत्तर लिहा'.

त्यात आपली भाषाही गंमत करते. ही खूण आपण 'बरोबर' अशी वाचतो. पण मूल आईबरोबर बाजारात जाते, तेव्हा 'बरोबर' म्हणजे सोबत. गुरुजी 'बरोबर!' म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ चुकले नाही. 'दोन्हीकडे सारखे' हा तिसरा अर्थ त्याला कुणी सांगायचा? रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ साली आपल्या ग्रंथात ही खूण प्रथम छापली, ती दोन समांतर रेघांची. कारण त्यांच्याहून अधिक सारखे दुसरे काही असू शकत नाही, असे त्याला वाटले. म्हणजे खुणेतच अर्थ दडलेला आहे!

त्या मुलीने आईचा जुना तराजू आणला. एका पारड्यात तीन आणि दोन सारख्या गोट्या टाकल्या, दुसऱ्यात एक. दुसरे पारडे वरच राहिले. एकेक करत चार गोट्या टाकल्यावर काटा मध्ये आला. "चार! पाच नाही, चार!" ती टाळ्या पिटत म्हणाली.

वजाबाकीतही शब्द असेच फसवतात. 'तुझ्याकडे सात गोट्या, भावाकडे तीन. तुझ्याकडे किती जास्त?' असे विचारले, की 'जास्त' ऐकून मुले बेरीज करतात आणि दहा सांगतात. दोन्ही रांगा समोरासमोर लावल्या, की उरलेल्या चार आपोआप दिसतात; मग ७ − ३ = ४ लिहायला कुणी शिकवावे लागत नाही.

आपण अशा ओळीला 'उदाहरण' म्हणतो. मला ते वाक्य वाटते. '३ + २' हा नुसता शब्दसमूह, आणि = हे त्याचे क्रियापद. ते आले की विधान होते, आणि विधान खरे असते किंवा खोटे. म्हणून हल्ली आम्ही खेळतो. मी ४ + २ = ३ + ३ लिहिते, मुले "खरं!" म्हणतात; ५ + १ = ७ लिहिले, की "खोटं, खोटं!" असा गलका होतो. फळ्यावर लिहिलेलेही खोटे असू शकते, हे सातव्या वर्षी कळणे लहान गोष्ट नव्हे.

त्या मुलीची चौथी व्हायला अजून दोन वर्षे आहेत. आमचा वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला भरतो. मित्रमैत्रिणींनो, एक तास काढून जरूर या. गणित येत नसले तरी चालेल. चिंचोके आम्ही देऊ.