धामणगाव रेल्वे : पेटी, ढोलक आणि रात्रीचा सामना

नागपूरहून मुंबईकडे निघालेली गाडी पुलगाव सोडते, वर्धा नदी ओलांडते आणि अमरावती जिल्ह्यात शिरते. मग येते धामणगाव. आपल्या वऱ्हाडात धामणगावे काही कमी नाहीत. अचलपूरकडे धामणगाव गढी, बुलढाण्याकडे धामणगाव बढे. म्हणून या गावाने आपल्या नावाला रेल्वेच जोडून घेतली. शेजारच्या चांदूरनेही तेच केले. कापसाच्या व्यापाराने आणि स्टेशनाने इथली बाजारपेठ वाढली.

या स्टेशनाचे एक महत्त्व बाहेरच्यांना ठाऊक नसते. यवतमाळला मोठी गाडी नव्हती. तिकडे जाणारा माणूस वर्षानुवर्षे इथेच उतरला आणि एस.टी. धरून पुढे गेला. त्यात आमचे गायकही आले. एप्रिल महिना लागला की फलाटावर कपड्यात गुंडाळलेली पेटी, ढोलक, बेंजो घेऊन उतरणारी मंडळी दिसायची. कोरसवाल्या पोराच्या डोक्यावर सतरंजी. कोणी विचारले, "कुठं निंगाले बाप्पा?" की उत्तर ठरलेले : "जयंतीचा कार्यक्रम हाये."

तो कार्यक्रम म्हणजे सामना. नव्या पिढीच्या वाचकांसाठी सांगतो. मांडवात दोन पार्ट्या समोरासमोर बसत. पहिली वंदना, मग बाबासाहेबांवरचे गीत, आणि मध्यरात्र उलटली की सवाल-जवाब. एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच तालात उत्तर द्यायचे. कविता, विनोद आणि वाजंत्री यांची अशी सरमिसळ दुसरीकडे क्वचितच. पाच-दहा रुपयांची नोट आली की देणाऱ्याचे नाव माईकवरून पुकारले जाई. ज्याने नोट दिली तो मान वळवून आपल्या सोयऱ्याने ऐकले की नाही ते पाही. एकीकडे गायक आणि दुसरीकडे गायिका असली तर मांडवात पाय ठेवायला जागा मिळत नसे. टोमणे कधीकधी बाईमाणसावर घसरत. ते मला तेव्हाही रुचले नाही. पण जाणता गायक असे गाणे मध्येच तोडून सरळ शाळा, दारूबंदी, हुंडा यांवर येई, आणि बायाच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवीत.

लोककवी वामनदादा कर्डक याच परंपरेतले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्म. अक्षरओळख मोठेपणी, मुंबईत झाली. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले ते एका हिंदी गाण्याचे विडंबन होते! म्हणजे सुरुवातच हसवण्यापासून. पुढे तेच दादा १९९३ साली वर्ध्याला आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २००४ साली ते कालकथित झाले.

पुण्या-मुंबईकडे विंदा, बापट आणि पाडगावकर या तिघांनी एका मंचावर बसून गावोगाव कविता वाचल्या, त्याचे कौतुक पुष्कळ झाले, व्हायलाच हवे. आमच्या वऱ्हाडात मिर्झा रफी अहमद बेग यांची 'मिर्झा एक्सप्रेस' धावली, शंकर बडे यांनी 'बॅरिष्टर गुलब्या' एकट्याने उभा केला, विठ्ठल वाघांनी मातीतली कविता गाऊन दाखवली. अमरावतीत जन्मलेले सुरेश भट गझल म्हणू लागले की सभागृह थांबून ऐके. पण सामन्यातल्या म्हाताऱ्या गायकाचे नाव कोणत्या पुस्तकात शोधावे?

शाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावर कोसळले आणि गेले. वय ७९. एवढ्या मोठ्या कलावंताची नोंद राहिली. बाकीच्यांचे काय, हा माझा खरा प्रश्न आहे. आता मिरवणुकीत डीजे लागतो. पेटीवाला घरी बसला आहे.

शासनाची वृद्ध कलावंतांसाठी मानधन योजना आहे. २०२४ पासून दरमहा ५ हजार रुपये झाले. माझी हयात कारकुनीत चालली असल्याने अर्जाच्या वाटा मला कळतात. वयाचा दाखला मिळतो, उत्पन्नाचा मिळतो. अडते ते कलेच्या पुराव्यावर. तीस वर्षे रातभर गायलेल्या माणसाजवळ कागद नसतो. घरच्यांनी जुन्या ट्रंका उघडाव्यात. हँडबिल, मंडळाचे आभारपत्र, एखादा पिवळा पडलेला फोटो, जे मिळेल ते जपावे. गीतांच्या वह्या रद्दीत घालू नयेत. आणि जयंती मंडळांना एक विनंती. पत्रिका छापताना गायकाचे, ढोलकवाल्याचे पूर्ण नाव टाका, आणि तारखेसोबत वर्षही टाका. माझ्याकडे जमलेल्या जुन्या पत्रिकांपैकी निम्म्यांवर वार आहे, वेळ आहे, वर्गणीदारांची नावे आहेत. साल मात्र नाही.