दारफाळणीचा सण

अलिबाग म्हटले की समुद्र आणि कुलाबा किल्ला आठवतो. पण याच गावात इस्रायल आळी आहे आणि तिथे ‘मागेन आबोथ’ हे यहुदी प्रार्थनामंदिरही. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे लावणारे, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायली या आळीचे मूळ रहिवासी. तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

जगभरचे यहुदी ज्याला योम किप्पूर म्हणतात, त्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला या समाजाने मराठी नाव दिले : दारफाळणीचा सण, म्हणजे दारे बंद करण्याचा दिवस. पांढरी वस्त्रे नेसून, बाहेरच्यांशी संपर्क टाळून जुनी माणसे घरातच तो पाळीत.

उपवास मोठा कडक. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, सुमारे २५ तास, अन्न नाही की पाण्याचा थेंब नाही. आपल्या एकादशीला निदान साबुदाण्याची खिचडी तरी असते! स्नान आणि चामड्याची पादत्राणेही वर्ज्य. लहान मुलांना आणि आजाऱ्यांना मात्र सूट. अखेरीस मेंढ्याच्या शिंगाचा ‘शोफार’ फुंकला जातो.

पण केवळ पोट रिकामे ठेवून भागत नाही. देवाचा अपराध देव क्षमा करील; माणसाचा अपराध केला असेल, तर आधी त्या माणसाचीच क्षमा मागायला हवी, असे धर्मशास्त्र सांगते. उपाशी राहण्यापेक्षा शेजाऱ्यापुढे मान झुकवणे किती अवघड, हे कोणत्याही धर्माच्या माणसाला सांगायला नको.

२०२५ मध्ये २ ऑक्टोबरला दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी आले. पंचांगे वेगळी, तरी दोन्हींचा चंद्र दशमीचा!

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर समाजातील बहुतेक कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. जिथे एकेकाळी बसायला जागा अपुरी पडे, तिथे आता दहाजण जमवणे हीच चिंता.

या सणाचा दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी दारे उघडत, गोरगरिबांना दानधर्म होई, आप्तेष्टांच्या भेटी होत. दार लावायचे ते मन तपासण्यासाठी आणि उघडायचे ते माणसांसाठी, हेच कोकणातल्या या जुन्या रीतीने शिकवले.