वासाची साक्ष

आईला गाडीत पेट्रोलचा वास येत होता. दोन महिने ती हे सांगत होती आणि दोन महिने आम्ही ते ऐकून घेत होतो. मानत मात्र नव्हतो. वय ऐंशीच्या पुढे. देवघरातला कापूर विझल्यावरही तिला त्याचा वास तासभर येत राहतो. निवेदकावर कितपत विश्वास ठेवावा, यावर वर्गात तासन् तास बोलणाऱ्या आम्ही घरातल्या निवेदकाचा निकाल एका वाक्यात लावून टाकला होता: "तुला भास होतो."

गाडी म्हणजे १९९८ सालची मारुती ओम्नी. १९८४ मध्ये ती नुसती 'व्हॅन' म्हणून बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या काळात शाळकरी मुलांपासून हिंदी सिनेमातल्या अपहरणकर्त्यांपर्यंत साऱ्यांची तिने सोय केली. आमची ओम्नी वडिलांची, म्हणून विकवत नाही. तिचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. म्हणजे आई अक्षरशः इंजिनावर बसून सांगत होती.

आम्हाला तर उलट समाधान होते. वडिलांच्या रिवाजाप्रमाणे दर रविवारी पट्टी ओढून ऑईल पाहावे, तर ते कमी होत नसे. खुणेच्या किंचित वरच दिसे. एवढे जुने इंजिन ऑईल खात नाही, याचा केवढा अभिमान! पर्सिगचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' आम्ही दोनदा वाचले आहे, हे येथे नमूद करताना संकोच वाटतो.

गेल्या महिन्यात जालन्याहून परतताना करमाडजवळ ऑईलचा लाल दिवा लुकलुकू लागला. रस्त्यालगतच्या एका गॅरेजात गाडी लावली. मिस्त्री विशीतला मुलगा. त्याने पट्टी ओढली, नाकाशी नेली, एक थेंब बोटांत चोळला आणि दुसरा जुन्या वर्तमानपत्रावर टाकला. काळ्या ठिपक्याभोवती फिकट वलय पसरत गेले.

"सर, यात पेट्रोल उतरलंय. ऑईल आपलंआपण कधी वाढत नसतं."

आई बाकड्यावर बसली होती. ती काही बोलली नाही.

पेट्रोल ऑईलमध्ये उतरण्याच्या मुख्य वाटा दोन, असे त्याने सांगितले. कार्बोरेटरची निडल किंवा चोक अडकला, तर जास्तीचे पेट्रोल सिलिंडरमधून खाली झिरपते. पण मग प्लग काळे आणि ओले निघतात. त्याने तिन्ही प्लग काढले. कोरडे, विटकरी. मग उरला एसी पंप: टाकीतले पेट्रोल ओढणारा, इंजिनाच्या अंगालाच बसवलेला. त्याचा दांडा आतल्या कॅमशाफ्टने हलतो, आणि एका बाजूचे पेट्रोल व दुसऱ्या बाजूचे ऑईल यांच्यामध्ये डायफ्रामचा पातळ रबरी पडदा, एवढाच काय तो आडोसा. पंप सोडवून त्याने पेट्रोल येण्याच्या तोंडावर बोट ठेवले आणि दांडा हलवला. ओढ लागेना. उलट दांड्याच्या बाजूने पेट्रोल पाझरू लागले.

आम्हाला तत्काळ सिद्धांत सुचला. २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही, असे वाचले होते. मुलाने पडद्यावरची चीर उजेडात धरली.

"असंलही, सर. पण हे रबर गाडीबरोबरच आलेलं दिसतंय. कधी बदललं होतं?"

कधीच नाही. समीक्षेतही आमची हीच खोड: संहिता उघडण्याआधी कालखंड तयार.

पातळ झालेल्या ऑईलवर गाडी अशीच दामटली असती तर बेअरिंगे गेली असती, असे तो सहज म्हणाला. आगीबद्दल काही बोलला नाही. सीटखालच्या त्या तापलेल्या पेटीकडे आणि मग बाकड्याकडे पाहताना ते आमचे आम्हालाच समजले.

शहरातून नवा पंप यायला तीन तास लागले. जुने ऑईल पाण्यासारखे ओघळले. नवे भरले, फिल्टर बदलला.

"मावशी, तुम्हाला आधी वास नव्हता आला का?" चहा पिताना मुलाने विचारले.

"आला होता की," आई म्हणाली आणि चहा बशीत ओतू लागली.

शेंद्र्याच्या अलीकडे ती पुन्हा म्हणाली, "अरे, अजून येतोय."

आम्ही गाडी बाजूला घेतली, तिला हात धरून उतरवले आणि सीट उचलली. इंजिनाशेजारी पेट्रोलने भिजलेले एक फडके राहून गेले होते.