दुकानातला तराजू शाळेत आला तेव्हा

"बहनजी, टोपलीतल्या कांद्याला कोंब फुटतो. त्याला पाणी कोण घालतं?"

सहावीतल्या एका मुलाने हा प्रश्न विचारला आणि मी हातातला खडू तसाच धरून उभी राहिले. गोष्ट १९८० सालची. मी मूळची नागपूरची. यजमान रेल्वेत, त्यामुळे लग्नानंतर इटारसीला संसार मांडला आणि जवळच्या एका खेड्यातील सरकारी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवू लागले. वर्षभरापूर्वी कुणी असा प्रश्न विचारला असता, तर "चूप बैस, धड्यात नाही ते विचारू नकोस" असे म्हणून मी मोकळी झाले असते. पण त्या दिवशी मी म्हणाले, "मला माहीत नाही. आपण करून पाहू या."

'मला माहीत नाही' हे तीन शब्द मला दिल्ली विद्यापीठातील एका प्राध्यापकांनी शिकवले होते.

आमच्या होशंगाबाद जिल्ह्यात (आता त्याचे नाव नर्मदापुरम आहे) १९७२ साली एक आगळा प्रयोग सुरू झाला होता. रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी सरकारच्या परवानगीने सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याची पद्धतच बदलली. मुलांनी पाठांतर करायचे नाही. टोळ्या करून प्रयोग करायचे आणि उत्तर स्वतः शोधायचे. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ या कामासाठी येऊ लागले. १९७८ मध्ये जिल्ह्यातील सगळ्या माध्यमिक शाळांत हा कार्यक्रम सुरू झाला. पुढे १९८२ साली 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली आणि तिने हे काम हाती घेतले.

१९७९ च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा प्रशिक्षणाला गेले, ती धास्तावूनच. वाटले, विद्यापीठातली एवढी मोठी माणसे आमच्यासारख्या खेड्यातल्या शिक्षकांचे अज्ञान उघडे पाडणार. पाहते तर ते प्राध्यापक आमच्याबरोबर सतरंजीवर बसून भिजवलेले हरभरे मोजत होते! एका वयस्कर गुरुजींनी त्यांना बियांविषयी काही विचारले. प्राध्यापक क्षणभर थांबले आणि सहजपणे म्हणाले, "मला माहीत नाही. करून पाहू या." त्या वाक्याने माझ्या मनावरचे केवढे ओझे उतरले म्हणून सांगू!

तर आम्ही कांद्याचे वजन करायचे ठरवले. शाळेतला हाताने बनवलेला तराजू काही त्याला पुरेना. ज्या मुलाने प्रश्न विचारला होता, त्याच्या वडिलांचे किराण्याचे दुकान होते. ते स्वतः तराजू घेऊन आले. वजने हरवतील या काळजीने तास संपेपर्यंत दारातच उभे राहिले. दर आठवड्याला ते येत आणि आम्ही तेच कांदे पुन्हा तोलत असू. कोंब वाढत होता, कांदा मात्र हलका होत होता. शेवटी एक कांदा कापला. आतले पापुद्रे सुकून सैल पडले होते. पाणी आणि अन्न कांद्याच्या पोटातच साठवलेले होते, त्यावरच कोंब वाढत होता.

"म्हणून जुना माल वजनात घटतो तर!" ते दुकानदार दारातूनच उद्गारले. "वीस वर्षं घट सोसतोय, कारण आज कळलं."

सगळा वर्ग हसला. त्यांच्या मुलाचा चेहरा तर असा फुलला होता की, आजही डोळ्यांसमोर येतो.

पण खरे सांगायचे तर, त्यानंतर मी त्यांना शाळेत पुन्हा कधी बोलावले नाही. त्यांनाच काय, कुठल्याच पालकाला नाही. विद्यापीठ आमच्या शाळेच्या दारी आले होते, त्या आनंदात मी दारात उभ्या असलेल्या गावाला विसरले.

परीक्षेत मुले पुस्तक उघडून उत्तरे लिहीत. पालक चकित होऊन विचारत, "ही कसली परीक्षा? नववीत गेल्यावर आमच्या मुलांचं काय होणार?" ती काळजी काही खोटी नव्हती. नववीचे पुस्तक आणि परीक्षा दोन्ही जुन्याच वळणाची होती. पण मी त्यांच्याजवळ बसून कधी नीट समजावून सांगितले नाही. 'यांना काय कळणार', असेच कुठेतरी माझ्या मनात होते.

२००२ साली मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तोवर तो अनेक जिल्ह्यांत पसरून हजाराच्या आसपास शाळांत आणि लाखभर मुलांपर्यंत पोहोचला होता. त्यानंतर काही दिवसांनी तो कांद्याचा प्रश्न विचारणारा मुलगा मला भेटायला आला. आता तोच दुकान सांभाळत होता आणि त्याची मुलगी आमच्याच शाळेत शिकत होती.

"बहनजी, प्रयोग बंद झाले म्हणे. मला दुकानात गिऱ्हाइकाकडून कळलं. तुम्ही आम्हाला आधी सांगितलं असतं, तर आम्ही चार माणसं बोललो असतो की."

मला उत्तर सुचले नाही. गाव बोलले असते तर सरकारने ऐकले असते का, ते कोण सांगणार? पण बोलण्याची संधी तरी मी गावाला द्यायला हवी होती. ती खंत घेऊनच मी निवृत्त झाले आणि नागपूरला परतले.

आमच्या घराजवळ महानगरपालिकेची एक शाळा आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाचे विद्यार्थी तेथे आले, भिंत रंगवून, फोटो काढून निघून गेले. मी त्यांच्या प्राध्यापिकांना जाऊन भेटले आणि म्हटले, "बाई, मुलांना पुन्हा पाठवा. पण आधी पालकांना विचारू या."

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अशा शाळांत व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असतात. आमच्याकडेही समिती होती, पण सह्यांपुरती. बैठक दुपारी व्हायची आणि दुपारी बहुतेक आया धुण्याभांड्याच्या कामावर. आम्ही बैठक संध्याकाळी सात वाजता ठेवली. पहिल्या दिवशी नऊजणी आल्या. एक म्हणाली, "आजी, भिंत रंगवून काय करू? माझ्या पोराला वाचता येत नाही."

तेव्हापासून महाविद्यालयातील मुले-मुली दर शनिवारी येतात, एकेका मुलाला जवळ बसवून वाचून घेतात. एका मुलीचे वडील गवंडी आहेत. एके दिवशी त्यांनी ओळंबा आणून भिंत सरळ आहे की नाही, हे कसे पाहतात ते दाखवले. दोरी नेमकी सरळ खालीच का लोंबते, ते पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी समजावून सांगितले. त्या दिवशी त्या मुलीच्या चेहऱ्यावर मला ऐंशी सालचा तो किराणावाल्याचा मुलगा दिसला.

सगळेच सुरळीत चालते असे मात्र नाही. गेल्या वर्षी परीक्षा आल्या आणि विद्यार्थी महिनाभर फिरकले नाहीत. आता हे बंद पडणार, म्हणून मी शनिवारी जड मनाने शाळेत गेले. पाहते तर चार आया मुलांना घेऊन बसल्या होत्या! त्यातल्या दोघींना स्वतःला अक्षरे लावत लावतच वाचता येते. मी आश्चर्याने पाहतच राहिले. त्यातली एक हसून म्हणाली, "आजी, ते पाहुणे. शाळा तर आपली आहे ना?"

वाचकहो, तुमच्या घराजवळही अशी एखादी सरकारी शाळा असेल. गावात महाविद्यालय असेल, तर त्यांना जरूर बोलवा. पण त्याआधी एकदा संध्याकाळी, कामावरून परतलेल्या आईबापांना शाळेत बोलवा आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्या. हे शहाणपण मला फार उशिरा आले. तुम्हाला तेवढा उशीर होऊ नये, म्हणून हे लिहिले.